इज्जत राखून मागं सरायचा सराव

कळंब्याहून, म्हणजे कोल्हापूरच्या जेलातून, आले की ओळखीतलं कुणीतरी हमखास विचारतं, काय शिकवता गं तिथं त्या कैद्यांना? मी सांगते, भांडण झालं तर हात न उचलता ते कसं सोडवायचं त्याचा सराव घेतो. मग समोरचा एकतर गप्प होतो नाहीतर म्हणतो, ज्यांनी कोयते चालवले त्यांना आता काय अहिंसा शिकवणार, कशाला वेळ घालवताय. इतक्या जणांनी हे विचारलंय की म्हटलं एकदा बसून नीट लिहूनच काढावं, कारण दोन वाक्यात याचं उत्तर होत नाही आणि मला हे काम फार महत्त्वाचं वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे आत सगळे कोयते चालवलेले नसतात. एनसीआरबीची, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाची, २०२२ ची आकडेवारी बघा, देशातल्या सगळ्या जेलांत मिळून ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी, म्हणजे आपण ज्यांना कच्चे कैदी म्हणतो ते. केस अजून चालूच आहे, गुन्हा केला का नाही हे कोर्टानं ठरवायचंय. शंभरातले जवळजवळ शहात्तर झाले हे. म्हणून तर आमच्या वर्कशॉपमध्ये कुणालाही केसबद्दल विचारायचं नाही हा नियम पहिल्या मिनिटाला सांगितला जातो, कोण कुठल्या कलमाखाली आलाय हे आम्हाला माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायचंही नसतं. आणि जे पक्के आहेत, शिक्षा लागलेले, त्यातलेही बहुतेक कधी ना कधी बाहेर येणार आहेत. येणार कुठं? आपल्याच गावात, आपल्याच गल्लीत, त्याच बांधाला लागून असलेल्या रानात.

आता जेलातली भांडणं कशावरून होतात ते सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं गँगवॉरच असणार. तसं असतंही कधी, पण रोजचं भांडण असतं झोपायच्या जागेवरून. त्याच २०२२ च्या आकड्यात शंभर माणसांच्या जागेत सरासरी एकशे एकतीस जण होते, मग कुणाचा पाय कुणाच्या अंथरुणावर, कोण संडासाच्या दाराजवळ झोपणार, पंखा कुणाच्या डोक्यावर. पाण्यावरून, आंघोळीच्या नंबरावरून, फोनच्या पाळीवरून, टीव्हीवर काय लावायचं यावरून. कुणी कुणाची ऑफिसात चुगली केली या संशयावरून. २०२४ च्या जूनमध्ये कळंब्यात आंघोळीवरून वाद झाला आणि त्यात एका बंद्याचा जीव गेला, ती बातमी कोल्हापुरात सगळ्यांनी वाचली असेल. लोक म्हणाले, आंघोळीवरून खून? मला नाही नवल वाटलं. आंघोळ ही फक्त आंघोळ नसतेच तिथं. दिवसभरात माणसाच्या हातात स्वतःचं असं काहीच नसतं, कधी उठायचं, कधी जेवायचं, कधी आत जायचं सगळं दुसरा ठरवतो, मग तो एक नंबर, ती एक बादली हीच काय ती त्याची इज्जत उरलेली असते आणि तीपण कुणी चार जणांसमोर हिसकावून घेतली की डोकं फिरतं.

बरं भांडणाची किंमत पण मोठी असते. पक्क्या कैद्याची माफी कापली जाते, म्हणजे चांगल्या वागणुकीमुळं शिक्षेतले जे दिवस कमी होतात ते परत अंगावर बसतात, मुलाकात बंद होऊ शकते, फर्लोचा, म्हणजे शिक्षेत मिळणाऱ्या ठरावीक सुट्टीचा, अर्ज लटकतो, वर नवीन केस लागली तर विचारूच नका. हे सगळं त्यांना आपल्यापेक्षा चांगलं पाठ असतं. तरी भांडण होतंच. म्हणजे परिणाम समजावून सांगून उपयोग नाही, ते त्याला माहिती आहे. त्या पाच-दहा सेकंदात काय करायचं हे माहिती नसतं.

आणि म्हणून मी प्रवचनाच्या विरोधात आहे. जेलात प्रवचनं भरपूर होतात, कीर्तन, योगा, व्याख्यानं, पाहुणे येतात, हार घेतात, चांगलं वागा म्हणतात आणि जातात. त्यांच्या भावनेवर मला शंका नाही. पण धुळ्याच्या जेलात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, त्याचे दाखले जे नेहमी देतात ना, त्यांना मला सांगावंसं वाटतं की तिथं ऐकायला बसलेले बरेचसे सत्याग्रही होते, स्वतःच्या मर्जीनं जेलात आलेले, अहिंसा आधीच पत्करलेले. आमच्यासमोर बसलेला माणूस तसा नाही. त्याला लहानपणापासून एकच शिकवलंय, की एक पडली तर दोन द्यायच्या. घरी बापानं शिकवलं, शाळेत मास्तरांनी छडीनं शिकवलं, गल्लीत थोरल्या पोरांनी शिकवलं. ते शिक्षण तासाभराच्या व्याख्यानानं कसं जाईल?

आम्ही जी पद्धत वापरतो तिचं नाव अल्टरनेटिव्ह्ज टू व्हायोलन्स प्रोजेक्ट, सगळे एव्हीपीच म्हणतात, आणि मला त्यातलं सगळ्यात जास्त काय भिडलं असेल तर त्याचा जन्म. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ॲटिका नावाच्या जेलमध्ये १९७१ च्या सप्टेंबरमध्ये कैद्यांनी उठाव केला, गर्दी, हाल, वाईट वागणूक, कुणी ऐकून घेत नव्हतं, कर्मचारी ओलीस धरले, चार दिवस बोलणी चालली आणि शेवटी पोलीस बंदुका घेऊन घुसले. सगळं मिळून ४३ माणसं मेली, कैदीही आणि कर्मचारीही. त्यानंतर चार वर्षांनी, १९७५ ला, त्याच राज्यातल्या ग्रीन हेवन जेलमधल्या काही कैद्यांच्या एका गटानं, जो कमी वयाच्या पोरांनी या वाटेला लागू नये म्हणून धडपडत होता, त्यांनी क्वेकर पंथाच्या लोकांना बोलावलं, की तुम्हाला अहिंसेचा अनुभव आहे तर या आणि आमच्याबरोबर काहीतरी करा. बघा, मागणी आतून आली. बाहेरचे शहाणे जाऊन सुधारायला लागले असं झालं नाही. मारामारी म्हणजे काय हे ज्यांना अंगावर माहीत होतं त्यांनीच म्हटलं की दुसरा काहीतरी मार्ग पाहिजे. पुढं हे जगभर पसरलं, रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर मारणाऱ्यांच्या आणि मेलेल्यांच्या घरच्यांना एका गावात राहायचं होतं तिथंही ही वर्कशॉप्स झाली.

मुळात हे सलग तीन दिवसांचं असतं, पण आमच्याकडं कुणाची कोर्टाची तारीख, कुणाची मुलाकात, दुपारी बॅरेक बंद व्हायची वेळ, त्यामुळं आम्ही ते तुकडे पाडून घेतो. कुणालाही जबरदस्तीनं बसवायचं नाही यावर मात्र आम्ही ठाम असतो. सुरुवातीला साहेब लोकांना वाटतं की जे जास्त भांडतात त्यांना पाठवावं, त्यांचंही चुकीचं नाही, पण पाठवलेला माणूस हाताची घडी घालून बसतो. नियम साधे आहेत. आपल्याबद्दल बोलायचं, दुसऱ्याबद्दल नाही. कुणाला कमी लेखायचं नाही, स्वतःलाही नाही. मधे तोडायचं नाही. बोलायचं नसेल तर पास म्हणायचं, कारण विचारलं जाणार नाही. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. म्हणून इथं मी जे लिहितेय ते संबंधित माणसांना विचारून आणि ओळख पटणार नाही असं बदलून लिहितेय.

पहिल्या दिवशी प्रत्येकानं स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून एक चांगलं विशेषण लावून घ्यायचं आणि पूर्ण वर्कशॉपभर त्याच नावानं हाक मारायची. बालवाडीतला खेळ वाटेल. पण एक माणूस बराच वेळ नुसता उभा राहिला, त्याला स्वतःसाठी एक चांगला शब्द सुचेना. शेवटी त्याच्या बॅरेकमधला दुसरा म्हणाला, अरे मनमिळाऊ म्हण की, नवीन पोरगं आत आलं की पहिला चहा तूच देतोस त्याला. तो खाली बसला आणि पुढचा अर्धा तास बोलला नाही. मला वाटतं कित्येक वर्षांत त्याच्याबद्दल कुणी चांगलं काही मोठ्यानं बोललंच नव्हतं.

खरा वाद सुरू होतो तो इज्जतीवर. तिशीतला एक जण सरळ म्हणाला, "ताई, तुमचं सगळं बरोबर हाय. पर हितं एकदा मागं सरलो की उद्यापासनं माझ्या ताटातली चपाती बी दुसराच उचलणार." याला उत्तर म्हणून तत्त्वज्ञान सांगणं म्हणजे त्याचा अपमान आहे कारण तो खरं बोलतोय. आपल्याकडं तर इर्षा हा अख्ख्या शहराचा स्वभाव आहे, दोन तालमींची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमवर बंदोबस्त लावावा लागतो, आपण कौतुकानं सांगतो ते. त्या मातीतल्या माणसाला मागं हो म्हणायचं म्हणजे त्याला काहीतरी द्यायला लागतं हातात. त्याला उत्तर मी नाही दिलं, कोपऱ्यात बसलेल्या एका वयस्कर माणसानं दिलं, जुना पैलवान. म्हणाला, "वस्ताद सांगायचे, समोरच्यानं पट काढला तर तितंच जोर लावत बसायचं न्हाई. अंग सोडवून घ्यायचं, उभं ऱ्हायचं, परत खडाखडीला यायचं. त्याला कुणी पळाला म्हणत न्हाई." पट म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, खडाखडी म्हणजे उभ्यानं समोरासमोर हात भिडवणं. सगळे हसले पण डोक्यात बसलं सगळ्यांच्या. पुढच्या प्रत्येक रोलप्लेमध्ये कुणीतरी ओरडायचंच, अंग सोडव, अंग सोडव.

रोलप्ले म्हणजे दोन रांगा समोरासमोर उभ्या करायच्या, प्रत्येकाला समोर एक जोडीदार, आणि प्रसंग द्यायचा. आंघोळीला तुझा नंबर होता, तो मधे घुसला. तीस सेकंद. सगळे एकदम सुरू, इतका आवाज होतो की पहिल्यांदा बाहेरचे शिपाई धावत आले होते. मग थांबायचं आणि विचारायचं, काय झालं शरीरात? कुणाचे कान गरम, कुणाच्या मुठी वळलेल्या, कुणाचा आवाज चढलेला. कुणी पहिलं वाक्य काय बोललं? मग बाजू बदलायची, घुसणारा आता नंबरवाला. मग तोच प्रसंग परत, पण या वेळी मूठ वळायच्या आधी एक श्वास आणि एक वाक्य. ते वाक्य त्यांनीच शोधायचं, आम्ही द्यायचं नाही, कारण आमचं पुस्तकी वाक्य बॅरेकमध्ये चाललंच नसतं. त्यांनी शोधलेली वाक्यं भारी असतात. "जा, आज तू घे, पर उद्या पहिला नंबर माझा, ह्यांच्यासमोर बोललोय." बघा यात काय काय आहे, मागं सरलाय, पण हक्क सोडलेला नाही, साक्षीदार केलेत आणि समोरच्याला पण वाट दिलीय.

बघ्यांवर पण आम्ही वेळ घालवतो, माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा तिथं होतो. भांडणारे दोन असतात, बघणारे चाळीस, आणि त्या चाळिसातला एक जण सोडतोस काय त्याला म्हणाला की संपलं. एकानं सांगितलं की तो अशा वेळी मधे न पडता फक्त मोठ्यानं विचारतो, अरे आज कँटीन कधी उघडणार? दोघांचं लक्ष जातं, क्षणभर सूर तुटतो आणि दोघांनाही थांबायला निमित्त मिळतं. एव्हीपीत जे सांगतात की समोरच्याला अनपेक्षित असं काहीतरी करा, ते हा माणूस न शिकता करत होता.

मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं मांडलेल्या चार पायऱ्या पण आम्ही घेतो, काय घडलं ते सांग, तुला काय वाटलं ते सांग, तुझी गरज काय ती सांग आणि मग मागणी कर. पहिलीच पायरी अवघड जाते. "तो माजलाय" हे घडलेलं नाही, ते आपलं मत झालं, "तो माझ्या अंथरुणावर पाय ठेवून गेला" हे घडलेलं. दुसरी तर त्याहून अवघड. काय वाटलं विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, डोकं सटकलं. म्हणून आम्ही चिठ्ठ्या पसरतो, भीती, लाज, काळजी, एकटेपणा, अपमान, दमणूक, आणि म्हणतो रागाच्या आधी यातलं काय होतं ते उचला. एका पोरानं काळजी उचलली. टीव्हीच्या रिमोटवरून त्यानं कुणाचं तरी डोकं फोडलं होतं, आणि त्या दिवशी मुलाकातीला बायको येणार होती ती आली नव्हती, का आली नाही ते कळायला मार्ग नव्हता. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्याच्याशी भांडण झालं त्यालाही नाही.

आता एक गोष्ट जी मला सतत टोचते. अहिंसा शिकवणं म्हणजे गप्प बसायला शिकवणं झालं तर ते पाप आहे. ॲटिकातल्या लोकांच्या मागण्या खऱ्या होत्या. गर्दी खरी आहे. वर्षानुवर्षं केस उभी राहत नाही हे खरं आहे. अशा माणसाला दीर्घ श्वास घे एवढंच सांगून मी घरी येणार असेन तर मी न गेलेलंच बरं. म्हणून मागणी कर ही चौथी पायरी आम्ही कागदावर आणतो, अर्ज लिहायचा सराव घेतो. फोनच्या रांगेत रोज भांडणारा एक जण होता, त्याच्याशी बोलल्यावर कळलं की त्याला पुढची तारीख माहीत नव्हती, वकील कोण तेही माहीत नव्हतं, म्हणून तो रोज घरी फोन लावायला जीव टाकायचा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळणं हा १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं दिलेला हक्क आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायचा असतो, जेलमधूनच जातो. आणि जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं की फाशी किंवा जन्मठेपेची शक्यता असलेले गुन्हे सोडले तर जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर सोडायला हवं, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ झाल्यावरच, फक्त त्याच्यावर आणखी केसेस चालू असतील तर मात्र नाही. हे कलम आम्ही वर्कशॉपमध्ये मोठ्यानं वाचतो. त्या माणसाला वकील मिळाला, तारीख कळली आणि रांगेतलं भांडण आपोआप बंद झालं, कुठलाही श्वास न मोजता.

महिला विभागात चित्र वेगळं असतं. तिथं मारामारी कमी, अबोला जास्त. सहा वर्षांच्या आतली मुलं आईबरोबर आत राहू शकतात, त्यामुळं मुलांवरून खटके उडतात, पण बऱ्याच जणींचं दुखणं असं की आयुष्यभर गिळत आल्यात आणि एक दिवस फुटल्यात. त्यांना मागं सरायचा सराव कशाला, तो झालाय त्यांचा. त्यांना नको म्हणायचा सराव लागतो, आवाज न थरथरता. त्यावर मी वेगळं लिहीन.

काही कैदी एव्हीपीच्या तीन पातळ्या पूर्ण करून स्वतः शिकवायला लागतात, आणि ते आमच्यापेक्षा चांगलं शिकवतात हे मी अगदी खात्रीनं सांगते. एव्हीपीत एक तत्त्व आहे, समोरच्याकडून चांगल्याची अपेक्षा ठेव. लोकांना हे भाबडं वाटतं. कोल्हापूरकरांना तरी वाटू नये. ज्या जातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवून रोज हजेरी द्यायला लावायचे, त्यांची ती हजेरी शाहू महाराजांनी १९१८ ला बंद केली, आणि ज्या फासेपारध्यांना सगळे चोर म्हणायचे त्यांना स्वतःकडं पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. आणि इथून जवळच, आटपाडीला, स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे, औंधच्या राजांनी १९३९ ला मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या साथीनं सुरू केलेली, भिंत नाही, कैदी शेती करतात, बायकामुलं बरोबर. व्ही. शांतारामबापूंनी ज्याच्यावर 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा काढला ती हीच गोष्ट. विश्वास टाकायचे प्रयोग आपल्या भागात आधीच झालेत, आपणच विसरलोय.

राहिला तो बाहेरचा प्रश्न आणि सध्या मी त्यातच अडकलेय. आमच्याकडं बसलेला एक जण सुटून गावी गेला. बांधावरच्या भांडणातूनच आत गेला होता, चुलतभावाशी. सुटून आल्यावर बघतो तर चुलतभावानं बांध अजून दीड-दोन फूट कोरलेला. त्यानं मला फोन केला, आवाज चढलेला, पण फोन केला. आम्ही बराच वेळ बोललो, त्यानं भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज टाकला, पैसे भरले, आणि गावातल्या दोन वयस्कर माणसांना घेऊन चुलतभावाला सांगून आला की मोजणीत जे येईल ते दोघांनी मानायचं. चुलतभाऊ म्हणाला, जेलात जाऊन बायल्या झालास. हा शब्द ऐकून तो परत आला, घरी आला, जेवला. हे त्यानं कसं केलं असेल याचा विचार केला तरी माझ्या पोटात तुटतं, कारण दोघांतला एकच शिकलेला असला की सगळा भार त्याच्यावरच पडतो. त्या चुलतभावाला कोण शिकवणार? बांध कोरू नये आणि कुणी कोरला तर काय करावं हे गावातल्या पोरांना कुणीच शिकवत नाही, आम्हाला ती भेटतात थेट कळंब्यात.

१५ ऑगस्ट २००७ ला तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. आबांनी गावातली भांडणं गावातच मिटवायची तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली होती, तिच्या गावोगावच्या समित्या अजून बऱ्याच गावांत कागदावर आहेत, काही ठिकाणी चांगल्या चालतातही. आमचं ठरलंय की पाऊस ओसरला आणि ऊसतोडीची घाई सुरू व्हायच्या आत करवीर आणि कागल तालुक्यातल्या ज्या समित्या तयार असतील तिथं हेच वर्कशॉप घ्यायचं, त्याच दोन रांगा, प्रसंग फक्त बांधाचा आणि पाण्याच्या पाळीचा. शिकवायला सुटून आलेले दोघं-तिघं तयार आहेत. तुमच्या गावच्या समितीत कुणी ओळखीचं असेल तर त्यांना विचारा, दुपारी बाया-माणसं बसू शकतील असं एखादं देऊळ किंवा शाळेची खोली लागेल, बाकी आम्ही बघतो. आणि त्या चुलतभावाच्या गावातही जायचंय, मोजणीची तारीख लागायच्या आधी.